परात, नग एक

युनियनच्या खोलीत गार्डच्या नऊ पेट्या निघाल्या.
काळा पत्रा, वर पांढऱ्या रंगात
कुणाकुणाची नावं, रिटायर होऊन गेलेली.
आत बावटे नाहीत, कंदील नाही,
नुसते कागद.

खोली पाडणारेत. दुसऱ्या लाइनीच्या आड येते म्हणे.
सेक्रेटरी तिशीतलं पोरगं. म्हणालं,
काका, तुम्ही ट्रेन्स क्लर्क होता,
तुमचं अक्षर चांगलंय, लावा सगळं ओळीनं.

कशाच्या ओळीनं, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.
मी पूर्णा यार्डात तेहतीस वर्षं डबे लिहिले:
इंजिनापासून कितवा,
भरलेला की रिकामा,
कुठं सोडायचा.
तसंच सुरू केलं.

पहिली पेटी सगळी उर्दू.
वाजिद मास्तरांना रिक्षानं आणलं.
भिंग धरून ते वाचू लागले:
माहे तीर, फसली तेराशे पंचावन्न.
गँग नंबर चारची अर्जी.
उन्हाच्या दिवसांत ट्रॉलीवर
पाण्याची एक घागर ठेवू द्यावी.
खाली अठरा अंगठे.
मास्तर अंगठ्यांवर बराच वेळ थांबले.
मग भिंग खाली ठेवून म्हणाले,
हे मात्र मला वाचता येत नाही.

तिसऱ्या पेटीत व्यंकटरमणा.
सिकंदराबादहून आलेला फिटर, मराठी इथंच शिकला.
त्याची अक्षरं गोल गोल, तेलगूतून उतरलेली.
मीटिंगचा सगळा हिशेब त्याच्याकडं:
हजर सत्तावीस, चहा अठ्ठावीस.
पुढं कंसात, 'एक सीआयडी'.

दुपारी झुरळांच्या गोळ्यांचा वास डोक्यात चढायचा.
मी ओट्यावर बसून सुतळी सोडायचो.
मालगाडी गेली की कागद थरथरायचे,
वीट ठेवलेली असली तरी.

सहावी पेटी चौऱ्याहत्तरची.
संपाचे वीस दिवस, एकच रजिस्टर.
पान चाळीस: कामावरून काढलेले.
पान बेचाळीस: जामिनाला उभे राहिलेले.
मधलं पान नाही.
उंदीर असा सरळ खात नाही.
मी समासाच्या कडेवरून बोट फिरवलं.
ब्लेड. नवं असावं.
त्या वर्षांत दर रविवारी
खोली झाडायला बाबा यायचे.

मी यादीत लिहिलं: पान ४१, नाही.
त्यापुढं शेऱ्याचा रकाना होता.
तो तसाच सोडला.

मागच्या पुठ्ठ्याला चिकटलेला एक कागद
वाफेवर धरून सोडवला.
संपाच्या भटारखान्याची भांडी.
पातेली चार, परत आली.
डेग एक, दर्ग्याची, पोचती केली.
झारा मोडला.
परात पितळी, नग एक,
युवराज पुंडगे, पॉइंट्समन, यांचेकडे. येणे.

आई म्हणायची, परात माहेराहून आणली.
पालथी केली की कडेला ठोकलेलं दिसायचं: म. यु. पू.
मथुरा युवराज पुंडगे.
मी बाराखडी तिच्यावरच गिरवली.
पुंडगेतला पु दीर्घ कसा,
म्हणून नाव घालणाऱ्या कासाराला
लहानपणापासून हसत आलो.
मजदूर युनियन, पूर्णा.
त्याचं काही चुकलं नव्हतं.

घरी येऊन बायकोला म्हटलं,
ही परात द्यावी लागती.
कामून? ती म्हणाली,
अन् पीठ कशात मळू, तुमच्या पेटीत?
हात कोपरापर्यंत ज्वारीनं पांढरे,
मळणं काही थांबलं नाही.
परातीच्या पोटात तिची मूठ बसायची
तिथं पितळ खोल गेलंय.
त्याच्याआधी आईची.

बाबांना विचारायला आता कोणी नाही.
संप मोडलेला माणूस संपाची परात
पन्नास वर्षं घरात ठेवील का?
की म्हणूनच ठेवील?
भाकरी तव्यावर फुगेपर्यंत बसून राहिलो.

सकाळी खोलीवर गेलो. पेन बदललं.
अनुक्रमांक दोनशे बारा.
परात, नग एक.
कुणाची: युनियनची.
कुठं आहे: वापरात.